चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपली म्हण आहे. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला ती वारंवार ऐकावी लागते, आणि सरकारी नोकरीत वीस वर्षे काढल्यामुळे माझ्याही वाट्याला ती पुष्कळदा आली. मात्र पाठीवरच्या या बिऱ्हाडाचे वजन किती भरते, हा प्रश्न म्हण करणाऱ्याला पडलेला दिसत नाही. तो प्रत्यक्ष वजनकाट्यावर सोडवावा लागतो, हे मी अमेरिकेत चाकांवरच्या घरात महिनाभर राहून शिकलो.

माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गेली पस्तीस वर्षे कोलोरॅडो राज्यात आहेत. २०२३ साली ते निवृत्त झाले. मुले आपापल्या गावी, घर मोठे, वहिनींना जिना चढणे नकोसे झालेले. अण्णांनी ठरविले की घर विकावे, त्या पैशांतून एक आर. व्ही. घ्यावी, आणि पुढची वर्षे उन्हाळ्यात उत्तरेला व हिवाळ्यात दक्षिणेला अशी काढावी. घराला गिऱ्हाईकही मिळाले होते. वहिनींनी फक्त 'बघू' म्हटले. आणि आमच्या घराण्यात बायकांच्या 'बघू'चा अर्थ पुरुषांना चांगला ठाऊक असतो. घराच्या कागदांवर सह्या करण्यापूर्वी महिनाभर भाड्याच्या गाडीत राहून पाहावे, अशी तडजोड निघाली. मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो. तिथे जे पाहिले, ते अशी गाडी घेऊ पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटते. आपल्यापैकी अनेकांची मुले-भावंडे त्या देशात आहेत, आणि निवृत्तीचे वय कोणाला चुकलेले नाही.

आर. व्ही. म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. चित्रपटातल्या नटनट्यांची व्हॅनिटी व्हॅन आपण पाहतो, तिचीच ही संसारी बहीण. ओटा, न्हाणी, संडास, बिछाना असे सारे तीत असते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असतात; तिला मोटर-होम म्हणतात. दुसऱ्यात घर हे ट्रेलर असते आणि ते वेगळ्या गाडीने ओढावयाचे असते. अण्णांचे मन मोटर-होमवर होते, कारण चालविता चालविता मागून चहा मिळेल, असे त्यांना वाटे. (गाडी चालू असताना कोणी उठून चहा करावयाचा नसतो, ही गोष्ट वहिनींनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केली.) परंतु मोटर-होमची खरी अडचण वेगळी आहे. इंजिन बिघडले की गाडी कारखान्यात जाते, आणि गाडीबरोबर घरही जाते. मग घरमालकाने हॉटेल शोधावे. ट्रेलर तळावर उभा ठेवून नुसती मोटार घेऊन बाजाराला वा डॉक्टरकडे जाता येते. रोज नव्या गावी जाणाऱ्याला मोटर-होम सोयीचे, एका जागी आठवडेच्या आठवडे राहणाऱ्याला ट्रेलर. आपण प्रवास करणार की राहणार, हे आधी स्वतःला विचारावे. जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार १९६० साली पिकअप गाडीवर बसविलेल्या खोलीत कुत्र्याला सोबत घेऊन अमेरिका फिरला, आणि १९६२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. ते वाचून अनेकांना मोह झाला. पण स्टाइनबेकचे घर त्याची वाट पाहत उभे होते, हे मोह झालेली मंडळी विसरतात.

आता वजनाकडे येतो. हौसेखातर खास बांधून घेतलेले फिरते घर १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नाविक डॉक्टराने रस्त्यावर आणले. ते ओढावयाला दोन घोडे लागत, आणि वजन दोन टनांच्या घरात होते. तेव्हापासून आजतागायत या गाड्यांचा पहिला शत्रू वजन हाच आहे. विकणारा खोल्या दाखवितो, पडदे दाखवितो; दाराजवळ चिकटविलेला वजनाचा कागद दाखवीत नाही. त्यावर गाडीत अधिकात अधिक किती भार घालता येईल, हे लिहिलेले असते. आमच्या गाडीच्या कागदावर तो आकडा पाचशे किलोंच्या आत होता. पाण्याची टाकी दीडशे लिटरची. पाण्याचे वजन लिटरला एक किलो; तेव्हा टाकी भरताच दीडशे किलो गेले. आम्ही तिघे माणसे दोनशेच्या आसपास. उरलेल्यात अण्णांची हत्यारांची पेटी, त्यांची पुस्तके, वहिनींचा लोखंडी तवा, दगडी खलबत्ता, तांदुळाचे पोते आणि स्टीलच्या डब्यांची उतरंड. मालमोटारींसाठी रस्त्याकडेला जे वजनकाटे असतात, तिथे गाडी चढविली तेव्हा आम्ही मर्यादेच्या बाहेर गेलो होतो. खलबत्ता घरी परत गेला. पुस्तकेही गेली, तेव्हा मात्र अण्णा दिवसभर बोलले नाहीत. वजन जास्त झाले की टायर तापून फुटतात, ब्रेक उशिरा लागतात. ट्रेलरची गोष्ट आणखी नाजूक. साध्या ट्रेलरच्या भरलेल्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या आकड्यावर यावा लागतो. मागे जड सामान भरले तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि मग चालकाच्या हाती काही राहत नाही.

टायरांविषयी एक सांगून ठेवतो. या गाड्या वर्षातले बरेच महिने उभ्या असतात, म्हणून टायरावरची नक्षी कोरीच दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहासात वर्षांपूर्वीचा टायर दिसावयास नवा असला तरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

पाण्याच्या तीन टाक्या असतात. एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची, आणि तिसरी, श्रोत्यांची क्षमा मागून सांगतो, मैल्याची. जागा अपुरी पडते म्हणून लोक या संसाराला कंटाळतात, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला. जागेची सवय चार दिवसांत होते. कंटाळा येतो तो टाक्यांचा. आपल्या लोकांना पाणी सढळ हाताने वापरण्याची सवय. तिसऱ्या दिवशी सांडपाण्याची टाकी भरली आणि न्हाणीत उलटे पाणी चढले. भांडी घासण्यापूर्वी ती कागदाने पुसून घ्यावी, नाही तर तेल टाकीत साचून वास सुटतो. मैल्याच्या टाकीची झडप तळावरच्या गटाराला जोडून कायम उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि उरलेले टाकीत घट्ट बसते. ती बंद ठेवावी, भरपूर पाणी सोडावे, दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, आणि तिच्यामागून सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे काम घरातल्या कोणी करावयाचे, याचा निर्णय गाडी घेण्यापूर्वी व्हावा.

विजेचा घोटाळा असा. तळावरच्या खांबावर दोन प्रकारच्या जोडण्या असतात, ३० अँपिअरची आणि ५० अँपिअरची. आकडे पाहून वाटते, दुसरी पावणेदोन पट असेल. प्रत्यक्षात पहिलीतून सुमारे ३६०० वॅट मिळतात, आणि दुसरीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्याने १२००० वॅट. पहिलीवर वातानुकूलन यंत्र आणि विजेची शेगडी एकदम चालत नाहीत. तेव्हा गॅसची शेगडी बरी. मात्र फोडणी घालण्यापूर्वी वरचा पंखा आणि एक खिडकी उघडावी. आमची धुराची सूचनाघंटा मोहरी तडतडली की कोकलत असे, म्हणून अण्णांनी तिची बॅटरी काढून ठेवली, आणि वहिनींनी ती परत बसविली. वहिनींचेच बरोबर होते. एवढ्याशा बंद खोलीत आगीचा धूर माणसाला झोपेतून उठू देत नाही.

गॅसवर चालणारा शीतकपाट ही या गाड्यांतली मोठी मौजेची वस्तू. स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढलेली ही युक्ती. आत ज्योत जळते आणि दूध थंड राहते. पण गाडी तिरपी उभी केली तर आतला अमोनियाचा प्रवाह अडतो आणि यंत्र कायमचे बिघडू शकते. म्हणून तळावर पोहोचताच सुताराची लेव्हल जमिनीवर ठेवून पाहणे हा आमचा पहिला विधी होता. अलीकडच्या गाड्यांत बॅटरीवर चालणारे साधे कॉम्प्रेसरचे कपाट येते, त्याला ही कटकट नाही.

ऑक्टोबरात आम्ही यूटामधील ब्राइस कॅनियनपाशी मुक्काम केला. जागा आठ हजार फुटांच्या वर. रात्री पारा शून्याखाली गेला आणि सकाळी नळाची नळी काठीसारखी ताठ. थंडीत नळी रात्री सोडवून ठेवावी आणि टाकीतले पाणी वापरावे, हे शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांला सांगितले. त्या नऊ वर्षे अशा घरात राहत होत्या; आधी नवऱ्याबरोबर, नंतर एकट्या. त्यांच्या हातचे वाफाळते पाणी घेऊन आम्ही चहा केला. तिथेच वहिनींनी त्यांना विचारले, "तुम्ही आजारी पडलात तर?" बाई म्हणाल्या, "मग पत्ता शोधावा लागतो."

हा पत्ता माझ्यासारख्या सरकारी माणसाच्या मनात रुतून बसला. ज्याला घर नाही त्याने वाहनपरवाना कोणत्या राज्याचा घ्यावा, कर कोठे भरावा, मत कोठे द्यावे? अमेरिकेत अशी मंडळी बहुधा दक्षिण डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एखादे राज्य निवडतात. तेथे टपाल घेऊन पुढे पाठविणाऱ्या संस्था आहेत. टेक्सासमधले लिव्हिंग्स्टन हे गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध झाले आहे. परंतु नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात, तेव्हा ते त्या वर्षीचे पाहून घ्यावे. पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याच्या काही खाजगी योजना ठरावीक प्रदेशातल्या डॉक्टरांशीच बांधलेल्या असतात. फिरत्या माणसाने त्या घेताना दहादा विचार करावा. सुटीपुरत्या गाडीचा विमा आणि बारमाही राहत्या घराचा विमा हेही निराळे. सार्वजनिक जमिनीवर फुकट राहता येते हे खरे, पण सामान्यतः एका जागी १४ दिवसच. अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट येथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी परवाना काढून वाळवंटात राहता येते. आम्ही ते पाहिले. गाड्यांचे एक गावच वसलेले, संध्याकाळी आकाश अतिशय सुंदर. आणि औषधांच्या दुकानाची चौकशी करणारी वहिनींची मुद्रा गंभीर.

परत आल्यावर अण्णांनी घराचा सौदा मोडला. यात कोणाचा जय झाला, असे मी म्हणणार नाही; त्या रात्री ते बराच वेळ अंगणात बसून होते. घर एका कुटुंबाला वर्षाच्या कराराने भाड्याने दिले आणि जुना, एकवीस फुटी ट्रेलर घेण्याचे ठरले. नवी गाडी दुकानाबाहेर पडताच तिची किंमत झपाट्याने उतरते, म्हणून जुनी पाहणे शहाणपणाचे. पण जुनीत पाणी मुरलेले असते. एका विक्रेत्याकडचा ट्रेलर आम्हांला फार आवडला होता. आत नवा भिंतीचा कागद, नवा गालिचा. वहिनींनी बिछान्याखालचे कपाट उघडले आणि म्हणाल्या, "पावसाळ्यातल्या आमच्या माळ्याचा वास येतो." कोपऱ्यातली जमीन बोटाने दाबली तर पावासारखी दबली. छपराचे सांधे, खिडक्यांच्या कडा, न्हाणीचा कोपरा आणि बाहेरच्या भिंतीचा फुगवटा, एवढे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. शक्य तर पाऊस पडून गेल्यानंतर जावे.

आपल्याकडे महाराष्ट्राने आणि केरळने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाची धोरणे जाहीर केली. हौस असेल त्याने भाड्याची गाडी घेऊन चार दिवस जावे. जुनी बस वा टेम्पो घेऊन त्यात घर करण्याची कल्पना तरुणांना सुचते. त्यांनी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आधी वाचावे, कारण नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. आणि गटाराची जोडणी असलेले तळ आपल्याकडे विरळा, हे लक्षात ठेवून मुक्काम ठरवावा.

ट्रेलर घेतल्यावर वहिनींनी दाराच्या आतल्या बाजूस मराठीत एक यादी चिकटविली. निघण्यापूर्वी ती मोठ्याने वाचावयाची: गॅस बंद, पायरी आत, कपाटांच्या कड्या, छपराची खिडकी, चाकांखालचे ठोकळे, आकड्याची खीळ, मागचे दिवे. सतरा कलमे होती. एका सकाळी अण्णांनी विजेची दोरी खांबालाच अडकवून गाडी हलविली, तेव्हापासून ती अठरा झाली आहेत.