मोटेच्या काळातले गाव आणि आजचे पाणी

(कबनूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज कबनुरात उभे राहिले की यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. शेजारच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली बसला. त्यानंतरही कित्येक वर्षे या भागात पहाट व्हायची ती जात्याच्या घरघरीने आणि मोटेच्या चाकाच्या करकरीने.

त्या मोटेचा हिशेब मांडून पाहू. एका एकराला साडेसात सेंटिमीटरची पाळी द्यायची तर सुमारे तीन लाख लिटर पाणी लागते. मोट दीडशे लिटरची धरली तर दोन हजार मोटा झाल्या. मिनिटाला एक मोट थारोळ्यात ओतली तरी तेहतीस तास लागतात. बैलांनी धावेवरून तितक्या वेळा खाली-वर करायचे, घरातल्या कुणीतरी उन्हात दारे धरायची आणि एकराला चार-पाच दिवस मोडायचे. असे पाणी पाटातून फुटून गेले तर घरात बोलणी बसत. ऊस होता, पण बैलांना झेपेल तेवढाच. बाकी शिवारात ज्वारी, तूर, भुईमूग.

त्या काळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. भाकरीआधी दोन-तीन शेर दळण बाईच्याच वाट्याला. मोट चांभाराने शिवायची, नाडा-सोंदूर मातंगाने वळायचे, चाक सुताराने करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुत्याची वाट पाहायची. ज्याने मोट शिवली त्याला गावविहिरीवर घागर बुडवता येत नव्हती. कोल्हापूर संस्थानात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा हुकूम शाहू महाराजांना 1919 साली काढावा लागला. गावगाड्याचे हे अंगही विसरू नये.

मोट गेली हे बरेच झाले. मात्र तिच्याबरोबर पाण्याचा हिशेबही गेला. पाच अश्वशक्तीचा पंप तेच तीन लाख लिटर पाणी एका रात्रीत देतो. रात्रीची वीज आली की बटण दाबायचे आणि झोपायचे. पंचगंगेकाठच्या काळ्या, भारी जमिनीत निचरा मुळातच कमी. पाणी साचते, भूजल वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात. उसाचे पान पिवळे पडते, उगवण विरळ होते, वाफ्यावर पांढरा थर दिसतो. आपण मात्र युरियाचे आणखी एक पोते टाकतो.

शिरोळ तालुक्यात अशा जमिनी सच्छिद्र पाईपचा निचरा करून पुन्हा पिकाखाली आणल्या आहेत. पण तो खर्च मोठा, आणि पाणी काढून द्यायला शेजाऱ्यांचीही संमती लागते. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला; नुसत्या खारवट जमिनीत ते टाकून पैसे घालवू नका. आधी माती तपासा. सामू साडेआठच्या वर आहे का, विद्राव्य क्षार किती आहेत, हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही.

तोपर्यंत एक काम घरचे घरी होईल. शेताच्या सखल कोपऱ्यात पाच-सहा फुटांचा खड्डा काढा, गुरे-पोरे पडू नयेत म्हणून काटेरी कुंपण घाला आणि पाळी दिल्यानंतर आठ दिवसांनी त्यात किती फुटांवर पाणी लागते ते लिहून ठेवा. तीन फुटांच्या आत लागले तर पुढची पाळी लांबवा, आणि ती वही माती तपासणीला येताना बरोबर आणा.