पंख्यासाठी पेटवलेली आग



जेट म्हटलं की मागून आगीचा लोळ सोडत निघालेलं विमान डोळ्यांपुढे येतं. लढाऊ विमानांच्या छायाचित्रांनी ही समजूत पक्की करून ठेवली आहे. पण मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या नव्या एअरबस ए-३२० निओच्या इंजिनात शिरणाऱ्या दर बारा किलो हवेपैकी सुमारे अकरा किलो हवेला आगीची धग लागतच नाही. तोंडाशी बसवलेला मोठा पंखा ती ओढून घेतो, मागे ढकलतो आणि सोडून देतो. विमान पुढे जातं ते मुख्यतः या थंड हवेच्या जोरावर. उरलेली किलोभर हवा आत जाते, तिच्यात केरोसीन जळतं, आणि त्या जाळाचं मोठं काम काय, तर पुढचा पंखा फिरवायचा. आज माझं सांगणं एवढंच आहे की टर्बोफॅन म्हणतात ते हे इंजिन मुळात पंखा आहे आणि बाकीचा सगळा खटाटोप त्याच्या दिमतीला आहे.

पटत नसेल तर पुढच्या प्रवासात पंखाच्या मागची खिडकीजवळची जागा घ्या. विमान धावपट्टीला टेकलं की इंजिनाच्या वेष्टणाचा मागचा भाग सरकून मागे जातो आणि फटीतून जाळ्या दिसू लागतात. त्यांतून हवा तिरकी पुढच्या दिशेला फेकली जाते आणि विमान आवरतं. वळवली जाते ती फक्त पंख्याची थंड हवा. मधला गरम झोत तसाच मागे जात असतो, त्याला कोणी हात लावत नाही. तरीही ब्रेक लागतो, कारण खरा जोर थंड हवेतच होता.

आता हे असं का? थोडं गणित करू. घाबरू नका, नववीतलं आहे. हवा मागे ढकलली की विमानाला पुढे रेटा मिळतो. रेटा किती, तर सेकंदाला किती किलो हवा ढकलली गुणिले तिचा वेग किती वाढवला. एक किलो हवेचा वेग सेकंदाला शंभर मीटरनी वाढवा, नाहीतर दहा किलो हवेचा दहा मीटरनी. रेटा तेवढाच, शंभर न्यूटन. पण खर्च बघा. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. त्यामुळे पहिल्या प्रकारात ५००० ज्यूल लागतात, दुसऱ्यात ५००. हे झालं जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचं. उडत्या विमानात फरक इतका टोकाचा राहत नाही, पण कौल तोच लागतो: थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकललेली स्वस्त पडते.

दुसरा फायदा कानाचा. १९५२ साली जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने दाखवून दिलं की झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. झोताचा वेग निम्मा केला की ती २५६ पटींनी उतरते. विलेपार्ल्यात आणि कुर्ल्यात विमानतळाला खेटून आयुष्य काढलेल्यांना जुन्या जेट विमानांची किंकाळी आठवत असेल. आजची विमानं आकाराने मोठी आणि आवाजाने लहान आहेत, त्याचं श्रेय बरंचसं या आठव्या घाताला.

एवढं सोपं गणित होतं तर पहिल्या दिवसापासून का नाही केलं? सुचलं होतं. ब्रिटिश हवाई दलातल्या फ्रँक व्हिटलने जेट इंजिनाचं पेटंट १९३० सालीच मागितलं. १९३५ साली नूतनीकरणाचे पाच पौंड भरणं जमलं नाही म्हणून ते हातचं गेलं! त्याचं पहिलं इंजिन १९३७च्या एप्रिलमध्ये चाललं. त्याच्याही आधी, १९३६ साली, थोडी हवा आगीला वळसा घालून न्यायची कल्पना त्याने कागदावर मांडली होती. पण जेट विमान आधी उडवलं जर्मनांनी, ऑगस्ट १९३९मध्ये, फॉन ओहाइनच्या इंजिनावर. पुढे युद्ध आलं. युद्धात वेग हवा असतो, इंधनाच्या बिलाकडे कोण बघतो?

प्रवासी वाहतुकीत उतरलेलं पहिलं टर्बोफॅन म्हणजे रोल्स-रॉइसचं कॉनवे. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ आणली तेव्हा तिला हीच इंजिनं होती, आणि त्यांच्याच जोरावर त्या वर्षी मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. मात्र कॉनवेत गरम हवेच्या जेमतेम तिसरा हिस्सा थंड हवा होती. कारण गमतीचं आहे. हे इंजिन मुळात पंखाच्या पोटात दडवायचं म्हणून आखलेलं, तेव्हा त्याची जाडी वाढवायची सोय नव्हती. इंजिन पंखाखाली टांगल्यावर ती अट उरली नाही, पण आराखडा तोवर ठरून गेला होता. १९६८ साली अमेरिकी लष्कराच्या अवाढव्य गॅलेक्सी विमानासाठी जीई कंपनीने टीएफ-३९ इंजिन आणलं, त्यात आठ भाग थंड हवेला एक भाग गरम. तिथून खरा पंख्याचा जमाना सुरू झाला.

पंखा मोठा केला की अडचणी एकामागून एक येतात. जीई-९०-११५ बी या इंजिनाच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर. एवढा पंखा मिनिटाला २३०० फेऱ्यांच्या आसपास फिरला तरी पात्याचं टोक ध्वनीपेक्षा वेगाने धावतं. उड्डाणाच्या वेळी पुढच्या रांगांत बसलं की करवतीसारखी घरघर ऐकू येते, ती याची. आतल्या टर्बाइनला मात्र मिनिटाला दहा हजारांच्या घरात फेऱ्या हव्या असतात, तरच तिचा आकार आटोपशीर राहतो. पंखा त्या वेगाने फिरवला तर क्षणात चिंध्या होतील. म्हणून एका पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा शाफ्ट जातो: बाहेरचा वेगवान, आतला संथ. जीई एवढ्यावर थांबली. रोल्स-रॉइसने तीन शाफ्ट घातले. प्रॅट अँड व्हिटनीने मध्ये गिअर बसवला, त्यामुळे पंखा टर्बाइनच्या सुमारे एक तृतीयांश वेगाने फिरतो. तीन कंपन्या, तीन वाटा. कोणाची बरोबर यावर अभियंते रात्ररात्र भांडतात. मला विचाराल तर कागदावर गिअर सर्वांत देखणा, आणि कागदावरच्या देखणेपणावर मी फार विसंबत नाही.

पात्यांची एक गंमत सांगतो. उभ्या विमानाच्या इंजिनात वारा शिरला की पंखा आपसूक हळूहळू फिरतो आणि खट्‌खट् असा आवाज येतो. काहीतरी मोडलंय असं वाटावं. पण पाती खोबणीत मुद्दामच किंचित सैल बसवलेली असतात. पूर्ण वेगात केंद्रापासून दूर फेकणारं बल त्यांना इतकं घट्ट बसवतं की आवळायला वेगळं काही लागत नाही, आणि बदलायची वेळ आली की एकेक पातं सरकवून काढता येतं.

याच पात्यांनी रोल्स-रॉइसचं दिवाळं वाजवलं होतं. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ इंजिन करताना वजन वाचवायचं म्हणून पाती कार्बन तंतूंची करायची ठरलं. १९७०च्या चाचणीत पक्षी आपटवून पाहिला आणि पातं टिकलं नाही. परत टायटॅनियमकडे वळावं लागलं. मुदत आणि पैसा दोन्ही हाताबाहेर गेले आणि ४ फेब्रुवारी १९७१ला कंपनी बुडाली. सरकारने ती ताब्यात घेतली, निवृत्त झालेले अभियंते स्टॅन्ली हूकर यांना परत बोलावलं, आणि त्यांनी इंजिन मार्गी लावलं. कल्पना मात्र चुकीची नव्हती, वेळ आधीची होती. जीई-९० ने १९९५ साली कार्बन तंतूंचीच पाती सेवेत आणली. कडेला टायटॅनियमची पट्टी मारली आणि पक्ष्यांचा प्रश्न सुटला.

आता जरा आगीजवळ जाऊ, कारण कारागिरीचा कळस तिथे आहे. एका किलो गरम हवेने एवढा पंखा ओढायचा तर तिच्यातून शक्य तेवढं काम काढून घ्यावं लागतं. त्यासाठी आधी हवा दाबायची, आजच्या इंजिनांत चाळीस पट आणि त्याहूनही जास्त, आणि मग होईल तितकी तापवायची. टर्बाइनच्या पहिल्या रांगेवर येणारे वायू १५०० अंशांच्या पुढे असतात. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची, तो १३००च्या पुढेच वितळू लागतो. म्हणजे स्वतःच्या वितळणबिंदूपेक्षा गरम झोतात उभं राहून, टनावारी ओढ सोसत, हजारो तास काम करायचं.

यावर उपाय दोन. पातं आतून पोकळ असतं, त्यात हवा खेळवतात आणि अंगावरच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर सोडतात, म्हणजे पात्याभोवती तुलनेने थंड हवेचा पापुद्रा राहतो. ही ‘थंड’ हवा कॉम्प्रेसरमधून आलेली, सहाशे अंशांच्या आसपासची!

दुसरा उपाय पात्याच्या जन्मातला आहे. आपले मूर्तिकार पितळेची मूर्ती ओततात तशीच पद्धत: मेणाचं पातं करायचं, त्यावर सिरॅमिकचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं, धातू ओतायचा. साधा धातू थिजतो तेव्हा त्यात असंख्य स्फटिक तयार होतात, आणि उष्णतेत ओढ बसली की पातं त्यांच्या सांध्यांवर सुटत जातं. म्हणून सांधेच नकोत, अख्खं पातं एकाच स्फटिकाचं हवं. साच्याच्या तळाशी गार तांब्याची पट्टी असते. तिथे अनेक स्फटिक उगवतात आणि वर वाढू लागतात. वाटेत डुकराच्या शेपटीसारखी पिळाची अरुंद नळी ठेवलेली असते. त्या वळणांवर एकेक स्फटिक भिंतीला अडकून थांबतो, आणि पलीकडे पोहोचतो तो एकच. साचा भट्टीतून मिनिटाला काही मिलिमीटर अशा सावकाश गतीने खाली उतरवतात आणि त्या एका स्फटिकातून सबंध पातं वाढतं. ही विद्या जगात मोजक्याच देशांना येते. आपलं कावेरी इंजिन २००८ साली तेजस लढाऊ विमानापासून वेगळं करावं लागलं, त्यामागे गरम भागाच्या धातूंची अडचण हेही कारण होतं. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेने २०२१ साली हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी साठ पाती करून विमानं बनवणाऱ्या एचएएल कंपनीला दिली. संख्या लहान आहे, पण मी तिला मोठी मानतो.

नाशिककर विचारतील, मग ओझरला तयार होणाऱ्या सुखोई लढाऊ विमानाला एवढा पंखा का नाही? कारण ध्वनीच्या वेगापलीकडे जायचं तर झोत त्याहून वेगवान हवा, आणि रुंद तोंड हवेला अडतं. म्हणून तिच्या इंजिनात थंड हवा गरम हवेपेक्षाही कमी. इंधन पितं, कानठळ्या बसवतं. ते तिथे मान्य असतं.

पंख्याच्या आकाराने विमानाचाच घात कसा होऊ शकतो, हे बोइंग ७३७ ने दाखवलं. १९६७ साली ती उडाली ती बारीक नळकांड्यांसारख्या इंजिनांवर, म्हणून तिचे पाय आखूड ठेवले होते. पुढे मोठी इंजिनं आली तेव्हा वेष्टण खालून चपटं करून भागवलं. ७३७ मॅक्सच्या वेळी तेही पुरेना, मग इंजिन पुढे आणि वर सरकवलं. त्याने विमानाचं नाक उचललं जाण्याची ओढ वाढली, ती आवरायला एक संगणकी प्रणाली घातली, आणि ती प्रणाली एकाच संवेदकावर विसंबली. २०१८ आणि २०१९च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. इंजिन निर्दोष होतं. आखूड पायांवर मोठा पंखा रेटण्याचा हट्ट नडला, असं माझं मत आहे.

यापुढे पंखा आणखी मोठा करायचा तर वेष्टणच आड येतं. त्याचं वजन आणि हवेला होणारा अडथळा पंख्यात कमावलेलं खाऊन टाकतो. म्हणून जीई आणि फ्रान्सच्या साफ्रानने २०२१ साली जाहीर केलेल्या नव्या इंजिनात वेष्टणच काढून टाकलं आहे, पंखा उघडा. जीईने १९८०च्या दशकात असं इंजिन उडवूनही पाहिलं होतं. तेल स्वस्त झालं आणि ते मागे पडलं. अडचण अशी की पातं तुटलं तर आज वेष्टण ते अडवतं. चाचणीत पूर्ण वेगात स्फोटाने पातं मुद्दाम तोडून हे सिद्ध करून दाखवावंच लागतं. उघड्या पंख्याचं तुटलेलं पातं अडवायला मध्ये प्रवाशांच्या बाजूची भिंतच उरते. ती किती जाड करायची, आणि त्या जाडीच्या वजनात वाचलेलं इंधन किती जाईल, याचा हिशोब सध्या चालू आहे.

माझी वेळ झाली. प्रश्न असतील त्यांनी चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात.