दिल्लीच्या सभेंत आपल्या नांवानें काय चालतें?

(गांवच्या वाचनालयांत रविवारीं एका प्राथमिक शिक्षकानें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी मास्तर माणूस. गणित तपासतांना माझा एक नेम आहे. उत्तर बरोबर असलें तरी रीत दाखविल्याशिवाय मी पुरे गुण देत नाहीं. आज तोच नेम आपण दिल्लीच्या लोकसभेला आणि राज्यसभेला लावून पाहूं. अमुक कायदा चांगला कीं वाईट, हा वाद आपल्या पारावर रोज चालतो. तो कायदा कोणत्या रीतीनें झाला, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

सन २०२० सालची गोष्ट घ्या. शेतमालाचा व्यापार, कराराची शेती आणि धान्य-कडधान्य-कांद्याचा साठा, या तीन बाबतींत सरकारनें ५ जून रोजीं वटहुकूम काढिले. सप्टेंबरांत सभा भरली. करोनाची सांथ होती, म्हणून त्या अधिवेशनांत प्रश्नोत्तराचा तासच ठेविला नाहीं. लोकसभेनें बिलें मंजूर केलीं. मग २० सप्टेंबरला व्यापाराचें आणि कराराचें अशीं दोन बिलें राज्यसभेंत आलीं. विरोधी सभासदांनीं मतविभागणी मागितली; ती मिळाली नाहीं. बिलें आवाजी मतानें मंजूर झालीं. सरकारपक्ष म्हणतो, सभासद जागेवर नव्हते, पुढें येऊन दंगा करीत होते, मग मतविभागणी कशी घ्यावी? विरोधक म्हणतात, आम्ही जागेवरूनही मागितली होती. त्यांचा न्याय करावयास मी उभा नाहीं. माझा मुद्दा निराळाच आहे.

आवाजी मत म्हणजे काय, तें आधीं समजून घ्या. अध्यक्ष विचारतात, मान्य असेल त्यांनीं 'होय' म्हणा, नसेल त्यांनीं 'नाहीं' म्हणा. आणि कोणता आवाज मोठा तें कानानें ठरवितात. त्यांत कोणाचेंही नांव लागत नाहीं. मतविभागणींत प्रत्येक सभासद आपल्या जागेवरची कळ दाबतो आणि कोणी कोणतें मत दिलें तें कामकाजाच्या वृत्तांतांत छापून येतें. सोसायटीच्या सभेंत कर्जाचा ठराव नुसत्या गलक्यावर पास झाला, तर पुढें 'मी नव्हतोंच त्यांत' म्हणावयाला सगळे मोकळे, हा अनुभव तुम्हां सर्वांना आहे. दिल्लींत तसेंच झालें. त्या रविवारीं अमक्या सभासदानें आपल्या बाजूनें मत दिलें कीं विरुद्ध, याचा कागद आज कोठेंच मिळत नाहीं.

पुढें पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले. अखेर २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं ते तिन्ही कायदे रद्द करण्याचें बिल दोन्ही सभांनीं एकाच दिवशीं, चर्चेवांचून मंजूर केलें. कायदे हवे म्हणणारे शेतकरीही होते, नको म्हणणारेही होते. ते कां आणिले होते आणि कां नेले, याची झाडाझडती सभागृहांत झालेली दोघांपैकीं कोणालाच ऐकावयास मिळाली नाहीं.

आतां कांद्याकडे या. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली. तिच्यासाठीं लोकसभेंत एकही मत पडलें नाहीं. परकीय व्यापाराच्या १९९२ च्या कायद्यानें सरकारला तसा अधिकार दिलेला आहे. खात्यानें अधिसूचना काढिली कीं काम झालें. गंमत अशी कीं, सभा तेव्हां भरलेलीच होती. अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू होऊन २१ तारखेला संपलें. मधें १३ तारखेला दोन तरुणांनीं प्रेक्षकांच्या सज्जांतून लोकसभेंत उड्या टाकल्या. त्यावर गृहमंत्र्यांनीं निवेदन करावें म्हणून विरोधकांनीं गदारोळ केला, आणि अधिवेशन संपेतों लोकसभेचे १०० व राज्यसभेचे ४६ असे १४६ सभासद निलंबित झाले. त्यांत महाराष्ट्रांतलेही होते. सभासद निलंबित झाला म्हणजे त्याच्या नांवचे प्रश्नही यादींतून जातात. खरीपाचा लाल कांदा चाळींत टिकत नाहीं, काढला कीं विकावाच लागतो, हें तुम्हांला मीं सांगावयास नको. नेमक्या त्या दिवसांत विचारणारीं तोंडें कमी झालीं. आपण मात्र मोबाईलवर धक्काबुक्कीचीं चित्रें पाहून हंसत होतों. मीही त्यांतलाच.

पैशाचेंही तेंच. २३ मार्च २०२३ रोजीं सुमारें ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च लोकसभेनें चर्चेवांचून मंजूर केला. शेतीखात्याला किती, कशाला, मागच्या वर्षीं खर्चले किती, हें विचारण्याची ती जागा. ती गोंधळांत गेली.

मग पाहावें काय? माझ्या मतें भाषणें नव्हेत, प्रश्नोत्तरें पाहावीं. लोकसभेंत सकाळीं ११ ते १२ हा प्रश्नांचा तास. रोज २० प्रश्न तारांकित असतात. त्यांचें उत्तर मंत्र्यानें उभें राहून द्यावयाचें, आणि त्यावर सभासदाला उपप्रश्न विचारतां येतो. २३० प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळतात. तीं सर्व संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी व इंग्रजींत फुकट वाचावयास मिळतात. माझ्या सातवींतल्या पोरी हिंदी उत्तर मोबाईलवरून घडाघडा वाचतात. घरीं बापाला वाचून दाखवावयास त्यांना कोणी सांगत नाहीं, इतकेंच.

उत्तरांतला एक शब्द मात्र ओळखून ठेवा: 'विचाराधीन आहे'. मंत्र्यानें असें म्हटलें, किंवा 'माहिती गोळा करून देऊं' म्हटलें, तर तें बहुधा आश्वासन धरलें जातें. तें तीन महिन्यांत पुरें झालें पाहिजे, आणि झालें कीं नाहीं तें तपासावयास लोकसभेची एक समिति १९५३ पासून आहे. तिचे अहवालही छापून येतात. व्याजाचा हिशेब आपण सावकाराशीं जसा ठेवितों तसा हा ठेवावा.

कोणी म्हणेल, हें शिकल्यासवरलेल्यांचें काम. क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे तलाठी; १९५७ सालीं साताऱ्याहून आणि १९६७ सालीं बीडहून लोकसभेवर निवडून गेले. घटनेच्या १२० व्या कलमान्वयें हिंदी-इंग्रजी न येणाऱ्या सभासदाला अध्यक्षांच्या परवानगीनें मातृभाषेंत बोलतां येतें. तेव्हां आपल्या सभासदाला आपण मराठींत पत्र लिहिलें, तर त्याची लाज कसली?

प्रश्नाची सूचना पुरे पंधरा दिवस आधीं द्यावी लागते आणि मग चिठ्ठ्या निघतात. म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर होतांच पत्र गेलें पाहिजे. आमच्या सुतार-लोहार-कुंभारांची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ त सुरू झाली. अठरा धंदे, पांच वर्षांस १३,००० कोटी रुपये, हत्यारांसाठीं १५,००० रुपये. गांवांत नांवें नोंदविलेले पुष्कळ आहेत, हत्यारें हातीं पडलेले मला थोडेच भेटले. जिल्ह्याचा आंकडा मंत्र्यानेंच द्यावा, म्हणून मसुदा केला आहे. वाचून दाखवितों, ज्याला शब्द बदलावासा वाटेल त्यानें उठून सांगावें.

"आमच्या जिल्ह्यांत या योजनेखालीं आजवर किती अर्ज आले, धंदेवार किती मंजूर झाले, किती जणांना हत्यारें प्रत्यक्ष मिळालीं आणि किती जणांना कर्ज, अर्ज नामंजूर झाले असल्यास कोणत्या कारणानें, आणि शिकवणी पुरी होऊनही ज्यांस कांहींच मिळालें नाहीं त्यांस तें केव्हां मिळेल, हें मंत्रिमहाशय सांगतील काय?"

सह्यांचा कागद दाराशीं ठेविला आहे. ज्यांना सही येत नाहीं त्यांनीं अंगठा केला तरी चालेल.