धवलेरीचं शिकायचं, तर सुरुवात कुठून?

 

हल्ली गटांच्या बैठकीत तरुण मुली एक प्रश्न विचारतात. "ताई, मला धवलेरीचं शिकायचंय. त्याचं पुस्तक कुठं मिळेल? शिकवेल कोण?" आज त्यावरच बोलू या.

आपल्याला हे ठाऊक आहे, पण दुसऱ्या समाजाच्या मैत्रिणीही ऐकतात, म्हणून सांगते. वारली लग्नात सवाशिणी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी असते. धवलेरी गाण्यांतून देवांना बोलावते आणि लग्न लावते. म्हणजे चौक लिहिणाऱ्या बाया, आणि लग्न लावणारीही बाईच. पुढे 1970 नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, आणि आपली चित्रं जगभर गेली. पण धवलेरीची गाणी कागदावर मावत नाहीत. ती तिच्या तोंडी आहेत.

म्हणून पहिलं उत्तर असं, की आधी पुस्तक शोधू नका, आधी आजी शोधा. पुस्तक पाच वर्षांनीही कपाटात सापडेल. आजीचं वय थांबत नाही.

आता तिच्याकडे जायचं कसं? एकदम वही घेऊन समोर बसू नका. भाताची झोडणी उरकली, लग्नांचे दिवस आले, की ती जिथं जाईल तिथं तिच्यासोबत जा. तिचं सामान धरा, मागं बसा, ऐका. ती ओळ म्हणेल तशी मागून म्हणा. पहिल्या लग्नात दोन ओळी लक्षात राहिल्या तरी पुष्कळ झाल्या. घरी आल्यावर त्या वारलीतच लिहून काढा, शाळेच्या मराठीत बदलू नका. मोबाईलवर आवाज भरायचा असेल तर आधी तिला विचारा. "हे गाणं लग्नाशिवाय म्हणायचं नसतं" असं ती म्हणाली, तर तिथं थांबा. आणि भरलेला आवाज तिला न विचारता ग्रुपवर टाकू नका. ते गाणं तिचं आहे, पाड्याचं आहे.

चौकाचंही तसंच. सवाशिणींच्या शेजारी बसून बांबूची काडी हातात घ्या. सूर्य-चंद्र, फणी, शिडी, बाशिंग कुठं काढायचं आणि का, ते काढतानाच विचारा. बाजारात विकायचं चित्र वेगळं आणि लग्नाचा चौक वेगळा, हे तिथंच कळतं.

मग पुस्तकं नकोतच का? हवीत, पण आजीच्या जोडीला. के. जे. सावे यांचं 'द वारलीज' 1945 साली निघालं. यशोधरा दालमिया यांचं 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' 1988 सालचं. दोन्ही इंग्रजीत आहेत. मराठीत कविता महाजन यांनी वारली लोकगीतं गोळा केली आहेत. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत ग्रंथालय आहे आणि संग्रहालयही. गटातल्या कुणाची मुलगी तलासरीच्या गोदावरी परुळेकर महाविद्यालयात किंवा बोर्डीच्या कॉलेजात शिकत असेल, तर तिला तिथल्या ग्रंथालयात विचारायला सांगा. एक लक्षात ठेवा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्याआधीच्या पुस्तकांत आपली गावं ठाणे जिल्ह्यात सापडतील. 'पालघर जिल्हा' शोधाल तर हाती काही लागणार नाही.

पुस्तक मिळालं की त्यातलं एखादं पान मुलीनं समजून घ्यावं आणि आजीला सांगावं. ती म्हणेल, "आमच्याकडे असं नाही, तसं आहे." ते तिचं म्हणणं वहीत लिहा. पुस्तकात नसलेलं तेच आहे.

काही मुली मोबाईलवर विक्का नावाच्या परदेशी पंथाचे व्हिडिओ पाहतात. त्यातही देवी आहे, चंद्र आहे, ऋतूंचे सण आहेत. इंग्लंडमध्ये चेटकाविरुद्धचा जुना कायदा 1951 साली रद्द झाला आणि 1954 साली जेराल्ड गार्डनर यांनी या पंथावर पुस्तक लिहिलं. पंथ नवा, शिकवणारं माणूस जवळ असेलच असं नाही. म्हणून तिकडं नव्यानं येणारे बरेचसे पुस्तकापासून सुरुवात करतात. तुमची शिकवणारी चार घरं सोडून राहते. तुम्हाला तशी गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिकवणारा खरा की खोटा, हे ओळखायचं कसं? जो भीती घालतो, एकटीला रात्री बोलावतो, आधी पैसे मागतो, दवाखान्यात जाऊ नको म्हणतो, त्याच्याकडे शिकायचं नाही. आणि जो आजाराचं कारण म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवतो, तिला भुताळी म्हणतो, त्याच्या दारातही उभं राहायचं नाही. ज्या बाईला जास्त माहिती, जी एकटी राहते, तिच्यावरच हा आळ पटकन येतो. आपल्या आज्यांना म्हणूनच बोलायची भीती वाटते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं करणीचा आळ घेऊन कुणाला त्रास देणं, मारणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, आणि दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. असं कुठं घडताना दिसलं तर 112 ला फोन करा. आणि फोन करून घरी बसू नका, गटातल्या दहाजणी मिळून त्या बाईच्या दारात जाऊन उभ्या राहा.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या पाड्यात आणि शेजारच्या पाड्यात धवलेरी कोण कोण आहेत, त्यांची नावं गटाच्या वहीत लिहा. प्रत्येकीसोबत किती मुली शिकतात, तेही लिहा. जिच्या नावापुढे शून्य येईल, तिच्याकडे येत्या लग्नाला गटातली एक मुलगी पाठवा. तिच्या गाडीभाड्याचं गटानं बघावं. आणि धवलेरीचा मान देताना घासाघीस करू नका. डीजेवाल्याला आपण मागेल तेवढं देतो.

नवी मुलगी गाताना चुकली तर हसू नका. मागं बसलेली आजी ओळ सांगेल. ती सांगायला आहे तोवर शिकून घ्या.

राम राम.