खेळयंत्राच्या बळाचा अंदाज



आजच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेंत वाचून कित्येकांच्या मनांत आलें असेल कीं, साठी उलटलेल्या शाळामास्तरानें मुलांच्या खेळण्याविषयीं बोलावें हें कांहीं ठीक नव्हे. परंतु हें खेळणें लांकडी भोंवऱ्याच्या जातीचें नाहीं. अमेरिकेंत त्याची किंमत साडेचारशें डॉलर ठेवली गेली. तें काढणारे लोक जपानी, त्याच्या पोटांतील मेंदू अमेरिकन. आणि तें बाजारांत येण्यापूर्वीं चार-चार वर्षें जगभरचीं सुशिक्षित माणसें त्याच्या अंगीं किती बळ असेल याविषयीं हिरीरीनें वाद घालीत बसलीं होतीं. ज्या घरांत खेळणारीं मुलें आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कानांवर हा वाद येतोच. आणि शेवटीं पैसे त्यांनाच मोजावयाचे असल्यामुळें तो समजून घेणें त्यांच्या हिताचें आहे. मी जे आंकडे सांगणार आहें, ते माझ्या नातवानें टिपून दिले. गुणाकार-भागाकार मात्र मीं स्वतः पाटीवर करून पाहिले आहेत.

जपानांतील क्योटो शहरीं निन्टेंडो नांवाची एक कंपनी आहे. सन १८८९ मध्यें ती निघाली तेव्हां फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते तयार करीत असे. याच कंपनीनें ३ मार्च २०१७ रोजीं ‘स्विच’ नांवाचें एक यंत्र विक्रीस काढलें. घरांत टेलिव्हिजनशेजारच्या बैठकींत बसविलें कीं खेळ मोठ्या पडद्यावर दिसावा, आणि तेथून उचलून हातांत घेतलें कीं तोच खेळ यंत्राच्या अंगच्या ६.२ इंची पडद्यावर पुढें चालावा, अशी त्याची रचना. घरचें आणि प्रवासाचें अशीं दोन यंत्रें एकांत आणलेलीं म्हणून त्याला संकरित म्हणतात. पुढें ५ जून २०२५ रोजीं त्याचा धाकटा भाऊ ‘स्विच २’ बाजारांत आला. या दोघांच्या जन्मापूर्वीं लोकांनीं त्यांच्या बळाचे जे अंदाज बांधले, ते कोठें चुकले आणि कोठें साधले, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम बळ मोजतात कसें तें सांगितलें पाहिजे. चित्रें काढणाऱ्या चिपेंत लहान लहान गणक असतात. प्रत्येक गणक घड्याळाच्या एका ठोक्यांत एक गुणाकार व एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करतो. गणकांची संख्या, गुणिले दोन, गुणिले सेकंदाचे ठोके, असा हा त्रैराशिकाहूनहि सोपा हिशेब आहे. एका सेकंदांत एक लक्ष कोटि दशांशाच्या क्रिया झाल्या म्हणजे त्याला एक टेराफ्लॉप म्हणावयाचें. जाहिरातींत जो शब्द मुलें सारखा घोकतात, तो हाच.

आतां २०१६ सालची गोष्ट ऐका. यंत्राचें खरें नांव तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. मार्च २०१५ मध्यें कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं ‘एन्-एक्स’ या गुप्त नांवानें त्याचा प्रथम उच्चार केला आणि त्याच वर्षाच्या जुलैंत ते निवर्तले. पुढें बातमी फुटली कीं आंत एन्व्हीडिया कंपनीची ‘टेग्रा एक्स-१’ ही चिप आहे. ही चिप जानेवारी २०१५ मध्यें जाहीर झाली तेव्हां तिचें बळ एक टेराफ्लॉपच्या वर आहे असें एन्व्हीडियानें सांगितलें होतें. झालें! सोनीच्या ‘प्लेस्टेशन ४’ या २०१३ च्या यंत्राचें बळ १.८४ टेराफ्लॉप, तेव्हां हातांतलें यंत्र त्याच्या निम्म्याच्या वर जाणार, अशी गणितें लोकांनीं मांडलीं.

परंतु चिपेंत गणक २५६. ठोके सेकंदाला शंभर कोटि धरले तरी २५६ गुणिले २ गुणिले १०० कोटि म्हणजे ५१,२०० कोटि, अर्ध्या टेराफ्लॉपहून किंचित् अधिक. मग एक टेराफ्लॉप आला कोठून? तो आला अर्ध्या अचूकतेच्या गणितांतून. संख्येंतील अर्धे अंक टाकून काम केलें कीं तेवढ्याच वेळांत दुप्पट क्रिया होतात. माझ्या वर्गांत एखाद्या विद्यार्थ्यानें दशांशाचीं चारांऐवजीं दोनच स्थळें ठेवून उत्तर लवकर दिलें असतें, तर मीं त्याला दुप्पट हुशार म्हटलें नसतें. जाहिरातींत खोटें कांहीं नव्हतें. पण आंकडा कोणत्या मापाचा आहे हें वाचणारांनीं पाहिलें नाहीं.

पुढें डिसेंबर २०१६ मध्यें खऱ्या ठोक्यांची बातमी आली. टेलिव्हिजनला जोडलें असतां सेकंदाला ७६.८ कोटि, आणि हातांत धरलें असतां अवघे ३०.७२ कोटि. म्हणजे बैठकींत ०.३९ टेराफ्लॉप आणि हातांत ०.१६. ज्यांनीं एकाची आशा धरली होती त्यांच्या पदरीं सहावा हिस्सा पडला. मोठाच हिरमोड झाला, आणि यंत्र जन्मतःच मेलें अशी भविष्यें वर्तविण्यांत आलीं.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें, कारण त्या दोन आंकड्यांतच सगळी मेख आहे. हातांतील पडदा १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचा. एकूण ९,२१,६०० ठिपके. टेलिव्हिजनवरील चित्र अधिकांत अधिक १९२० गुणिले १०८० चें, एकूण २०,७३,६००. दुसऱ्याला पहिल्यानें भागा, भागाकार सव्वादोन येतो. आतां ७६.८ ला ३०.७२ नें भागा, अडीच येतो. ठिपके सव्वादोनपट, बळ अडीचपट! म्हणजे हातांतील यंत्र दुबळें केलें नव्हतें. जेवढें चित्र लहान तेवढाच श्रम त्याला दिला होता. हें प्रमाण ज्यानें बसविलें तो माणूस कोण हें मला माहीत नाहीं, पण त्याचा पेपर माझ्याकडे तपासावयास आला असता तर मीं पूर्ण गुण दिले असते.

आणि श्रम कमी देण्यांचें कारण काय? बॅटरी. पहिल्या स्विचच्या बॅटरींत सुमारें १६ वॅट-तास वीज मावत असे, आणि जड खेळ खेळतांना ती अडीच तासांत संपे. सोळाला अडीचानें भागलें म्हणजे साडेसहा वॅटहि पुरे होत नाहींत. तेवढ्यांत पडदा उजळावयाचा, आवाज काढावयाचा, पंखा फिरवावयाचा आणि चित्रें काढावयाचीं. आपल्या घरांतील साधा एल्. ई. डी. दिवासुद्धां नऊ वॅट खातो. प्लेस्टेशन ५ सारखें मोठें यंत्र भिंतींतल्या विजेवर सुमारें २०० वॅट ओढतें. त्याच्याशीं याची तुलना करणें म्हणजे पाणचक्कीशीं जात्याची तुलना करण्यासारखें आहे. हातांत धरावयाच्या यंत्राचा अंदाज चिपेपासून करूं नये, बॅटरीपासून करावा, हें माझें मत त्या भागाकारानें बनलें.

निन्टेंडोच्या घरांत हा विचार नवा नाहीं. तेथील गुन्पेई योकोई नांवाच्या कल्पक कारागिरानें १९८९ सालीं ‘गेम बॉय’ काढला, तेव्हां प्रतिस्पर्ध्यांना रंगीत पडदे वापरतां येत होते. यानें एकरंगी, मिणमिणता पडदा घेतला. चार लहान सेलांवर तो दहा तासांहून अधिक चाले. सेगा कंपनीचा रंगीत ‘गेम गिअर’ सहा सेल चार-पांच तासांत खाऊन टाकी. कोणाचें यंत्र अधिक खपलें हें सांगावयास नको. जुनें, स्वस्त, पूर्ण परिचयाचें झालेलें तंत्र घ्यावें आणि त्याचा आडवाटेनें उपयोग करावा, असें योकोई म्हणत.

असो. मूळ मुद्द्याकडे येऊं. ज्याला मेलें म्हटलें त्या स्विचचे पंधरा कोटींहून अधिक नग खपले. त्याच्याबरोबर निघालेला ‘झेल्डा’चा खेळ मैलोगणती कुरणें, डोंगर आणि पाऊस घेऊन चालला. आणि ‘विचर ३’ हा, प्लेस्टेशन ४ च्या ताकदीचा समजला जाणारा अवाढव्य खेळ २०१९ च्या ऑक्टोबरांत त्यावर उतरला. चित्र पुसट झालें खरें, पण खेळ पुरा होता.

तरीहि हांव सुटत नाहीं. २०२१ च्या पूर्वार्धांत जो तो सांगूं लागला कीं अधिक बळाचा ‘स्विच प्रो’ येणार. जुलैंत नवें यंत्र जाहीर झालें, पडदा सात इंची आणि सुंदर. आंतील चिप तीच. या प्रकरणावर अधिक बोलण्यासारखें कांहीं नाहीं.

त्यानंतरचा अध्याय मात्र निराळा आहे. २०२२ च्या आरंभीं एन्व्हीडियाच्या संगणकांतून चोरट्यांनीं पुष्कळ माहिती पळविली, आणि तींत निन्टेंडोच्या पुढच्या चिपेचा तपशील निघाला. गणक १५३६. चोरीच्या मालावर तर्क चालवावा कीं नाहीं हा प्रश्न मला तरी अवघड वाटतो. जगाला तो वाटला नाहीं. पण गुणाकाराचा एकच गुणक हातीं आला होता. ठोके किती, तें कोणासच ठाऊक नव्हतें. एक गुणक ठाऊक आणि दुसरा अज्ञात असला म्हणजे उत्तर काय वाटेल तें काढतां येतें. तीन वर्षें तसेंच चाललें. कोणी चार टेराफ्लॉप म्हणे, कोणी दोन.

२०२५ मध्यें उलगडा झाला. बैठकींत १००.७ कोटि ठोके, हातांत ५६.१ कोटि. १५३६ ची दुप्पट ३०७२. तिला या दोहोंनीं गुणलें म्हणजे सुमारें ३.१ आणि १.७ टेराफ्लॉप येतात. जुन्या यंत्राशीं ताडून पाहिलें तर बैठकींत आठपट, हातांत अकरापट. एन्व्हीडियानें स्वतः ‘दहापट’ म्हटलें होतें. तेव्हां या वेळीं जाहिरात आणि पाटी यांचें बऱ्यापैकीं जुळलें. खुद्द निन्टेंडोनें मात्र आपल्या माहितीपत्रकांत प्रोसेसर एन्व्हीडियानें खास बनविला आहे एवढेंच लिहिलें, आंकडा नाहीं.

आतां माझ्या नातवाचा प्रश्न सांगतों, कारण तो खरोखर चांगला आहे. तो म्हणाला, “आजोबा, हातांत धरलेल्या नव्या स्विचचें बळ १.७, आणि बारा वर्षांपूर्वींच्या प्लेस्टेशन ४ चें १.८४. मग एवढें करून आपण मागेंच आहों कीं!” आंकड्यांकडे पाहिलें तर त्याचें बिनचूक आहे. परंतु ‘सायबरपंक २०७७’ या खेळाचें उदाहरण घ्या. डिसेंबर २०२० मध्यें तो प्लेस्टेशन ४ वर इतका अडखळत चालला कीं सोनीनें तो आपल्या दुकानांतून कांहीं महिने काढून टाकला. २०२३ सालीं त्याला जोडलेला नवा भाग तर त्या यंत्रासाठीं निघालाच नाहीं. तोच खेळ, तो नवा भाग धरून, स्विच २ वर पहिल्याच दिवशीं आला आणि हातांत धरूनहि खेळतां येतो.

याचीं कारणें टेराफ्लॉपच्या बाहेरचीं आहेत. प्लेस्टेशन ४ ला आठ जी. बी. स्मरण, याला बारा. त्याच्या पोटांत फिरती तबकडी होती, तिच्यावरून माहिती यावयास वेळ लागे. याचें भांडार २५६ जी. बी. चें आणि न फिरणारें. शिवाय याच्या चिपेंत चित्र पुरें करण्याची एक विद्या आहे, तिला डी. एल. एस. एस. असें नांव आहे. यंत्र आधीं लहान, कमी ठिपक्यांचें चित्र काढतें. मग मागच्या क्षणांच्या चित्रांत कोणती वस्तु कोठून कोठें सरकली हें पाहून, आणि असंख्य उत्तम चित्रांवर पूर्वींच शिकवून ठेवलेल्या मेंदूच्या मदतीनें, उरलेले ठिपके भरतें. जीर्ण पोथीचें पान वाचतांना अक्षर उडालें असलें तरी मागच्या ओळीवरून जाणता शास्त्री तें बिनचूक भरतो, तसाच हा प्रकार. शास्त्री कच्चा असला कीं पाठ बिघडतो, तसें वेगानें हलणाऱ्या बारीक वस्तूंच्या कडा येथेंहि कधीं कधीं बिघडतात. पण कमी विजेंत अधिक दिसावें याला याहून चांगला उपाय माझ्या ऐकण्यांत नाहीं.

वजनाचाहि विचार करावा. व्हॉल्व्ह कंपनीचें ‘स्टीम डेक’ हें २०२२ सालचें हातांतलें यंत्र बळानें जवळपास तेवढेंच, १.६ टेराफ्लॉप. त्याला मात्र ४० वॅट-तासांची बॅटरी लागली, आणि तें ६६९ ग्रॅम भरतें. स्विच २ दोन्ही मुठींसकट ५३४ ग्रॅम. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला या १३५ ग्रॅमांचा फरक कळतो.

म्हणून ज्या पालकांनीं मला विचारलें कीं घरांतलें जुनें स्विच चांगलें चालत असतांना नवें घ्यावें काय, त्यांना मीं उलट विचारलें कीं मुलगा खेळतो कोठें. टेलिव्हिजनसमोर खेळत असेल तर फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. नव्या यंत्राच्या बैठकींत त्यासाठीं वेगळा पंखाच बसविला आहे. गाडींत किंवा गच्चीवर खेळत असेल तर एक आंकडा आधीं ऐकून घ्या. जुन्या यंत्राची बॅटरी जड खेळांत अडीच तास पुरत असे. नव्याची वीस वॅट-तासांची आहे, यंत्र दहा वॅट खातें, आणि निन्टेंडोनें स्वतःच कमींत कमी मुदत दोन तास लिहिली आहे. नातवाच्या टिपणांत हा आंकडा नव्हता. तो मला त्याच्याकडून मागून घ्यावा लागला.