शेतातलं औषध, भिंतीवरचं औषध



डासांमागे आयुष्य घालवलेला माणूस अध्यक्ष म्हणून बोलवायला धाडस लागतं. ते तुम्ही केलंत, आभारी आहे. अध्यक्षीय भाषणात आधी स्वतःचं बालपण सांगायची रीत आहे. ती आज मोडतो, कारण जेवणाची वेळ होण्याआधी मला एक वाद तुमच्यापुढे घालायचा आहे. औषधाला न जुमानणारा डास मोजायचं काम हिवताप विभागाचं. पण तो तयार होण्यात शेताचाही हात असतो, आणि शेताचं दप्तर नि घराच्या भिंतीचं दप्तर आपण कधी शेजारी ठेवून वाचत नाही.

कुणी म्हणेल, साहेब, हे गडचिरोलीत जाऊन सांगा. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार तिकडे आहे, हे खरंच. पण कापसाचं आणि सोयाबीनचं औषध इथं जऊळक्यात उडतं, आणि डासाला तालुक्याची हद्द कळत नाही.

थोडं मागे जाऊ. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. १९४५-४६ साली मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि टी. रामचंद्र राव यांनी कारवार-धारवाडकडच्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून पाहिली. गुण इतका आला की १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम निघाला, आणि १९५८ मध्ये त्याचं नाव बदलून ‘निर्मूलन’ झालं. त्याच वर्षी विश्वनाथन यांचं पुस्तक आलं, भारतात हिवतापावर मिळवलेल्या विजयाची हकीकत सांगणारं. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, पंचमहाल जिल्ह्यात ‘अॅनोफिलीस क्युलिसिफेसीस’ हा डास डीडीटीला दाद देईनासा झाल्याचा निबंध छापून आला. पंचमहाल आज गुजरातेत आहे, पण तेव्हा तो द्विभाषिक मुंबई राज्यात होता आणि आपला विदर्भही त्याच राज्यात. म्हणजे ही बातमी परक्या मुलखातली नव्हती.

आकडे तरीही काही वर्षं उतरतच राहिले. साठीच्या दशकाच्या मध्यावर देशभरात वर्षाला लाखभर रुग्ण उरले. १९७६ मध्ये ते ६४ लाखांच्या वर गेले.

खेड्यातल्या बायकांना शास्त्रज्ञांच्या आधी काहीतरी उमगलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. ‘पावडर मारली की ढेकूण वाढतात’ अशी तक्रार फवारणीवाल्यांना ठिकठिकाणी ऐकावी लागे. अडाणीपणा म्हणून ती उडवून लावली गेली. ढेकूण डीडीटीला केव्हाच सरावले होते. औषधाने ते मरत नव्हते, नुसते चवताळून फटीतून बाहेर येत होते. घरच्या बाईच्या दृष्टीने औषध बिनकामाचं ठरलं होतं, वर भिंतीवर पांढरे डाग. मग तिने दार लावून घेतलं, किंवा सणाच्या आधी भिंत सारवून टाकली. सारवलेल्या मातीखाली गेलेलं औषध डासाच्या पायाला लागत नाही. याला आपण कागदावर ‘नकार’ असं लिहितो. माझ्या लेखी तो एक क्षेत्रीय अहवाल होता.

आता डास औषधाला जुमानतो की नाही हे पाहायची आमची चाचणी कशी चालते ते जवळून पाहा. पहाटे गोठ्यात टॉर्च घेऊन जायचं. क्युलिसिफेसीस हा मुख्यतः गुरांवर जगणारा डास. रक्त पिऊन झालं की मादी छपराच्या आतल्या बाजूला किंवा भिंतीच्या खालच्या अंधाऱ्या पट्ट्यात बसते. पोट लाल फुगलेलं असतं. तोंडाने ओढायच्या नळीत तिला अलगद घ्यायचं, जोर केला तर पाय तुटतात. मग लाल ठिपक्याच्या नळीत औषध लावलेला कागद गुंडाळायचा, डेल्टामेथ्रिन असेल तर ०.०५ टक्क्यांचा, आणि त्यात पंचवीसेक माद्या एक तास ठेवायच्या. नंतर हिरव्या ठिपक्याच्या स्वच्छ नळीत हलवून साखरपाण्याचा कापूस ठेवायचा आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. पाय तुटलेली पण उडू शकणारी मादी जिवंत धरायची. शेजारी बिनऔषधाच्या कागदाची नळी असतेच; तीत वीस टक्क्यांहून जास्त माद्या मेल्या तर अख्खी चाचणी बाद. आपल्याकडच्या मे महिन्यात ओला टॉवेल गुंडाळूनही नळ्या तापतात, आणि दिवसभराची मेहनत औषधाने नव्हे, उन्हाने वाया जाते. कीटक समाहारकाच्या नोकरीत हे शिव्या न देता सोसावं लागतं.

निकालाची रीत शिक्षकांना आवडेल. शंभरातल्या ९८ किंवा जास्त मेल्या तर औषध चालतं. नव्वदपेक्षा कमी मेल्या तर प्रतिकार पक्का. म्हणजे ८९ गुण मिळवणारं औषध नापास! हे कडक वाटतं, पण वाचलेल्या अकरा जणींची अंडी पुढच्या पिढीत उतरतात. एक मादी एका खेपेला शंभरावर अंडी घालू शकते, आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंत पावसाळ्यात दहा-बारा दिवस पुरतात.

डासाच्या शरीरात घडतं काय? डीडीटी आणि पायरेथ्रॉइड, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन वगैरे, दोन्ही मज्जातंतूवरच्या सोडियमच्या एकाच मार्गिकेला धरतात. त्या प्रथिनातल्या १०१४ क्रमांकाच्या जागी ल्युसीनऐवजी फेनिलअॅलनीन आलं की औषधाची पकड ढिली होते. म्हणून डीडीटीने वर्षानुवर्षं निवडलेला डास पायरेथ्रॉइडलाही काही अंशी आधीच तयार असू शकतो. मॅलेथिऑनचं वेगळं, तिथे डासाची विकरं औषधच मोडून टाकतात. गुजरातेत सत्तरीच्या दशकातच ते दिसलं.

आता पराटीकडे, म्हणजे कापसाकडे येतो. क्युलिसिफेसीसच्या अळ्या वाढतात त्या नाल्यातल्या डबक्यांत, पाटाच्या गळतीत, मुरूम काढलेल्या खड्ड्यांत. शेतावर फवारा मारला, संध्याकाळी सर आली, की शेतातलं औषध धुऊन त्याच पाण्यात उतरतं. अळी म्हणून ज्या गटाच्या औषधातून ती वाचली, त्याच गटाचं औषध डास झाल्यावर तिला भिंतीवर भेटतं. परीक्षा दोनदा, प्रश्नपत्रिका एकच.

हा वाद नवा नाही. १९८१ मध्ये चॅपिन आणि वॉसरस्ट्रॉम यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की मध्य अमेरिकेत आणि भारतात हिवताप परतला त्यामागे कापसासारख्या पिकांवरची औषधं आहेत. आपल्याकडचे व्ही. पी. शर्मा आणि के. एन. मेहरोत्रा यांनी ते खोडून काढलं; भारतात हिवताप उलटला तो औषधांच्या तुटवड्याने आणि कार्यक्रमातल्या ढिलाईने, शेतीवर खापर फोडू नका, असं त्यांचं म्हणणं. १९७६ च्या लाटेपुरतं मला शर्मा-मेहरोत्रांचं बरंचसं पटतं. पण त्या उत्तराचा आधार घेऊन आपण शेताकडे पाहणंच सोडून दिलं, हे पटत नाही. त्यानंतर पायरेथ्रॉइड आली, ती आधी कापसावर आणि मग नव्वदीच्या दशकात भिंतींवर. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी बोंडअळीतला प्रतिकार मोजून, पिकाच्या कोणत्या टप्प्यात कोणत्या गटाचं औषध मारावं याची शिस्त बसवायचा प्रयत्न केला. त्या शिस्तीत डास कुठेच नाही. असायचं कारणही नव्हतं. तो त्यांचा कीटक नव्हे.

आणि २०१७ साली यवतमाळात काय झालं ते सगळ्यांना आठवतं. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी चर्चा माणसांची झाली, व्हायलाच हवी होती. पण पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची सवय माणसाबरोबर डबक्यालाही पोचते, हे कुणी बोललं नाही.

पुढचं संकट अजून दारात उभं आहे. भिंतीवर फवारायला क्लोथियानिडिन असलेलं औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मान्य यादीत घेतलं. डासांसाठी ते नवं. पण इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही त्याची भावंडं आपल्या कापसाच्या बियाण्याला चोळून आणि फवाऱ्यातून कित्येक वर्षं शेतात आहेत. कॅमेरूनमध्ये याउंदे शहराभोवतीच्या शेतीपट्ट्यातले डास या गटाला सहनशील झाल्याचं दिसलं आहे.

इतकं ऐकून मच्छरदाणी टाकून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या अभ्यासात आपल्याकडचं केंद्र छत्तीसगडमधलं केशकाल होतं. त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला: डासांत प्रतिकार असला तरी औषधी मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना न झोपणाऱ्यांपेक्षा हिवताप कमीच झाला. चाचणी नापास म्हणजे औषध मेलं असं नव्हे. या एका वाक्याची गल्लत झाली की ठेकेदार नवं महागडं औषध विकून मोकळा होतो.

दुपारच्या सत्रात कृषी सहायक आणि आरोग्यसेवक एका टेबलावर बसणार आहेत. त्यांच्यापुढे मागणी साधी ठेवतो. खरिपात तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांतून कोणत्या गटाचं औषध किती लिटर गेलं, याची यादी हिवताप कार्यालयाकडे जावी. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणतं औषध चाचणीत किती टक्के उतरलं, हा कागद कृषी कार्यालयाकडे यावा. पुढच्या वर्षी भिंतीसाठी औषध ठरवताना दोन्ही कागद समोर असावेत. मंत्रालयातून आदेश येईपर्यंत थांबायची गरज नाही. दुकानदारांकडे विक्रीचं रजिस्टर असतंच. आणि हो, दुकानदारांना या सत्राचं आमंत्रण गेलेलं दिसत नाही. कुणीतरी आत्ताच स्टँडवर जाऊन त्यांना घेऊन या. तोवर जेवण वाढायला हरकत नाही.