यकृतावर उलटलेली प्रतिकारशक्ती

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या आजाराला ऑटोइम्यून हेपॅटायटिस म्हणतात. १९५० मध्ये स्वीडनचे डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्यासमोर होत्या तरुण स्त्रिया: डोळे पिवळे, पाळी थांबलेली, रक्तात गॅमा ग्लोब्युलिन ही प्रथिनं भरमसाट. हा तरुणींचाच आजार, असा समज त्यातून पक्का झाला. आज साठीतले रुग्णही दिसतात, पुरुषही. कित्येकांना काहीच त्रास नसतो. नेहमीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम वाढलेलं निघतं, एवढंच. ‘दारू नाही, कावीळ नाही’ म्हणून असा रिपोर्ट कृपया कपाटात टाकू नका. प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन ही जुनीच औषधं बहुतेकांना लागू पडतात. मात्र बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच थांबवल्या, तर आजार पुष्कळदा पुन्हा उसळतो.